वस्तीतील मुलांसाठी संध्याकाळचे केंद्र : गरज आणि उभारणी

आपल्या शहरात जेथे जेथे आपला समाज वस्ती करून राहिला, तेथे तेथे त्याने पोटाला चिमटा घेऊन विहार उभे केले. भीमनगर-भावसिंगपुरा घ्या, उस्मानपुरा घ्या की मुकुंदवाडी घ्या. मोलमजुरी करणाऱ्या मायमाउल्यांनी वर्गणी दिली, तरुणांनी सुटीच्या दिवशी विटा-वाळू वाहिली आणि त्यातून या वास्तू झाल्या. ही गोष्ट निश्चितच अभिमानाची आहे. परंतु सकाळची वंदना आटोपली की यांपैकी बऱ्याच ठिकाणी दाराला कुलूप लागते. ते पुन्हा उघडते पौर्णिमेला, लग्नाच्या बोलणीला किंवा जयंतीच्या बैठकीला. आणि त्याच विहारापासून पन्नास पावलांवर असलेली पानटपरी मात्र सकाळपासून रात्री उशिरापर्यंत उघडी असते.

वस्तीतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी कोणते दार उघडे सापडते, या एका गोष्टीवर त्याच्या पुढील आयुष्याचा बराच भाग अवलंबून असतो. म्हणून अशा मुलामुलींसाठी वस्तीतच एक सुरक्षित केंद्र का हवे, ते कसे चालवावे आणि चालविताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार समाजबांधवांसमोर व विद्यार्थी मित्रांसमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न कोणत्या वेळेचा आहे?

आपल्या शहराची वाढ कारखानदारीबरोबर झाली. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनी खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो कुटुंबांना काम दिले. वडील पाळीवर जातात, आई सिडकोत धुणीभांडी करते किंवा बांधकामावर जाते. सकाळी आठला घर सोडलेली माउली संध्याकाळी सातच्या आत घरी येत नाही. इकडे पुष्कळ शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्राचा विद्यार्थी साडेबाराला सुटतो. साडेबारा ते सात म्हणजे रोजचे साडेसहा तास झाले. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३९ तास होतात. एवढा वेळ हा मुलगा कोणाच्याही नजरेत नसतो. घर एका खोलीचे, पत्र्याचे. उन्हाळ्यात आत बसवत नाही आणि अभ्यासाला कोपरा नाही. मग तो बाहेर पडतो. यात त्याचा दोष काय?

बाहेर त्याची वाट पाहणारे असतात. प्रथम गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून त्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो. मग पंक्चरचे सोल्युशन किंवा व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगणे. पुढे झोपेच्या गोळ्या. नायट्राझेपामसारख्या या गोळ्यांना आपल्या शहरात 'बटन' म्हणतात आणि पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत हा शब्द वारंवार वाचावयास मिळतो. पहिली गोळी बहुधा फुकट मिळते. नंतर एखादा मोठा 'भाऊ' सांगतो, एवढी पुडी अमक्याला देऊन ये. अल्पवयीन मुलाला कायदा सौम्यपणे वागवतो हे त्या भाऊला ठाऊक असते, म्हणूनच तो लहान मुलाला पुढे करतो. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा नाद हे याच माळेतील आणखी एक दुखणे. अशा खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, परंतु कायदा झाला म्हणून मुलाचा रिकामा वेळ भरून निघत नाही.

मुलींची तऱ्हा वेगळी. मुलगा बाहेर बिघडेल ही भीती, तर मुलगी बाहेर दिसली तरी भीती. त्यामुळे सातवी-आठवीनंतर तिला घरात कोंडले जाते. नळाला पाणी यायचे त्या दिवशी शाळा बुडते, धाकट्या भावंडांना सांभाळण्यात बाकीचे दिवस जातात आणि मग एखादे स्थळ येते. अठराच्या आतील मुलीचे लग्न २००६ च्या कायद्याने गुन्हा ठरले असले, तरी मराठवाड्यात अशी लग्ने थांबलेली नाहीत.

या वयाची शास्त्रीय बाजूही समजून घेतली पाहिजे. किशोरवयात धाडसाची आणि सवंगड्यांच्या शाबासकीची ओढ फार तीव्र असते. परंतु परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. या वयाच्या मुलाला केवळ उपदेश पुरत नाही. त्याला चांगला सोबती, अंगमेहनतीचा खेळ आणि विश्वासाने बोलता येईल असे मोठे माणूस लागते.

बाबासाहेबांनी घालून दिलेला पाठ

हा विचार आपल्याला नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. या सभेचे कार्य आपण वसतिगृहांमुळे आठवतो. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे सभेचे वसतिगृह सुरू झाले. तेथील विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालवीत. परंतु सभेची आणखी दोन कामे आपण सहसा सांगत नाही. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि 'महार हॉकी क्लब' चालविला. जुगार, दारू यांसारख्या नादांपासून समाजातील पोरांना दूर ठेवणे हा त्या क्लबचा हेतू होता.

या गोष्टीवर क्षणभर थांबून विचार करावा. परदेशात उच्च विद्या संपादन करून आलेला एक महापुरुष समाजोद्धाराची पहिली संस्था काढतो आणि तिच्या कामांत वसतिगृहाच्या बरोबरीने हॉकीचा क्लब असतो. कारण चाळीतल्या पोराच्या संध्याकाळी कोठे जातात हे बाबासाहेबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेले होते. 'वाईट नाद सोड' असे नुसते सांगून भागत नाही. नाद सोडलेल्या हातात दुसरे काहीतरी द्यावे लागते. त्यांनी एका हातात पुस्तक दिले आणि दुसऱ्या हातात हॉकी दिली.

आपल्या शहराला तर याचा प्रत्यक्ष लाभ झाला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. त्याची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. तेच आपले मिलिंद महाविद्यालय आणि तोच आपला नागसेनवन परिसर. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला तेथे वर्ग मिळाले, त्याचबरोबर राहावयास वसतिगृह, खेळावयास मैदान आणि उभे राहावयास रंगमंचही मिळाला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या समक्ष सादर केले होते. वस्तीतील केंद्र म्हणजे या नागसेनवनाचेच एक लहान रोपटे होय.

इतर ठिकाणचे अनुभव

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतील मुले भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून फुटबॉल खेळताना दिसली. त्यांनी मुलांना खरा चेंडू दिला आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ सुरू झाली. पुढे या मुलांमधून बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत भारताचा संघ गेला. नागराज मंजुळे यांच्या २०२२ मधील 'झुंड' चित्रपटामुळे ही हकिकत घरोघरी पोहोचली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, सुरुवात सभागृहाने किंवा अनुदानाने झाली नाही. एक मोकळी जागा, एक चेंडू आणि मुलांना सोडून न जाणारा एक माणूस एवढ्यावर ती झाली.

दूरचे उदाहरण आइसलँड या लहानशा देशाचे आहे. १९९० च्या दशकात तेथील शाळकरी मुलांत दारूचे प्रमाण इतके वाढले होते की १९९८ च्या पाहणीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात नशेत झिंगली होती. त्या देशाने मुलांना खेळ, संगीत व नृत्य यांच्या संस्थांत जाण्यासाठी पैशाची मदत दिली आणि रात्री मुलांनी किती वाजता घरी यावे हे कायद्याने ठरवले. पालकांनी गट करून संध्याकाळी आपापल्या भागात फेऱ्या मारल्या. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण याच काळात २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तो देश श्रीमंत आहे, ही गोष्ट खरी. परंतु पालकांनी दोघा-दोघांनी संध्याकाळी वस्तीत फेरी मारण्यास आपल्याला कोणता खर्च येतो?

केंद्र कसे असावे?

जागा : वस्तीत विहाराला लागून सभागृह असेल तर उत्तमच, नाही तर समाजमंदिर किंवा शाळेची खोली पाहावी. पूजास्थानाचे पावित्र्य राखून बाजूचे दालन केंद्राला द्यावे. त्याचा दरवाजा रस्त्याकडे असावा, म्हणजे शेजारच्या मुस्लिम, मातंग, मराठा अशा सर्व घरांतील मुलांना संकोच न वाटता येता येईल. नशा जात विचारून घरात शिरत नाही, मग केंद्राने का विचारावी? पुरेसा उजेड, पंखा, पिण्याचे पाणी आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह या चार गोष्टी नसतील तर उद्घाटनाची घाई करू नये.

वेळ : रोज ठरलेल्या वेळी दार उघडलेच पाहिजे. हा केंद्राचा प्राण आहे. सुरुवातीला संध्याकाळी पाच ते आठ एवढेच ठेवावे, परंतु त्यात खंड पडू देऊ नये. कार्यकर्ता आला नाही म्हणून मूल एकदा परत गेले, दुसऱ्यांदा परत गेले, की तिसऱ्यांदा ते येत नाही. ते टपरीवर जाते. परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत अभ्यासिका चालवावी व दुपारी मोकळ्या असणाऱ्या मुलांसाठी पुढे जमेल तशी वेळ वाढवावी.

माणसे : दोन कार्यकर्ते, त्यांत एक स्त्री, नेहमीचे आणि तेच ते असावेत. त्यांना थोडे का होईना मानधन द्यावे. कारण केवळ उत्साहावर चालणारे काम जयंतीनंतर थंडावते. त्यांच्या मदतीला महाविद्यालयीन विद्यार्थी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेऊ शकतात. समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्यांना तर यातून प्रत्यक्ष अनुभव मिळेल.

कार्यक्रम : पहिला तास मैदानी खेळाचा ठेवावा. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, मुलींसाठी कराटे यांना खर्च फारसा नाही. दुसरा तास अभ्यासाचा. गणित व इंग्रजी या दोन विषयांत मागे पडल्यामुळेच अनेकांची शाळा सुटते. तिसरा तास मुलांच्या आवडीचा : हलगी-ढोलकी, गाणे, पथनाट्य, चित्रकला, संगणक, वाचन. आठवड्यातून एकदा मुलांनी स्वतः सभा घ्यावी, हिशेब पाहावा, पुढील आठवड्याचे ठरवावे. जो मुलगा हजेरी लिहितो, चेंडूची किल्ली सांभाळतो, त्याला केंद्र आपले वाटते.

शाळा सुटलेल्यांचा विचार वेगळा करावा. गॅरेजवर, हॉटेलात, जाधववाडीच्या मंडईत हमालीला जाणारी मुले सहाच्या आत येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी रात्रीचा तास ठेवावा. १७ नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. तो अर्ज वेळेवर भरून घेणे हे केंद्राचे एक मोठे काम ठरेल. दहावीनंतर आयटीआय, शासकीय वसतिगृह, वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, यांची माहिती भिंतीवर मराठीत ठळक लिहून ठेवावी.

सुरक्षितता म्हणजे काय?

केंद्राला 'सुरक्षित' म्हणावयाचे तर काही नियम आधीच लिहून भिंतीवर लावले पाहिजेत. माणूस कितीही परिचयाचा, कितीही मानाचा असला तरी त्याला हे नियम लागू असावेत.

१. कोणतेही मोठे माणूस एकट्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर बंद खोलीत थांबणार नाही. खाजगी बोलणे असेल तर ते दुसऱ्यांना दिसेल अशा जागी व्हावे.

२. मारणे, शिव्या देणे, जात-धर्म-आईबाप काढून बोलणे सर्वांना बंद. शिस्त मोडणाऱ्यास एक दिवस खेळाबाहेर ठेवावे. परंतु केंद्राबाहेर काढू नये.

३. प्रत्येकाचे नाव, पालकांचा फोन, येण्याची व जाण्याची वेळ वहीत लिहावी. मुली घरी जाताना गटाने जातील व सोबत एक ताई असेल.

४. मुलांना मोर्चा, प्रचारफेरी, वर्गणी गोळा करणे किंवा बॅनर लावणे यांसाठी वापरू नये. केंद्र कोणत्याही पक्षाचे वा पुढाऱ्याचे नाही.

५. नशेतून किंवा संकटातून बाहेर आलेल्या मुलाचे नाव व छायाचित्र अहवालात, स्मरणिकेत किंवा मोबाइलवर देऊ नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. देणगीदाराला दाखवण्यासाठी मुलाला आयुष्यभराचा शिक्का मारणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

६. तक्रार कोणाकडे करावी हे मुलांना माहीत असावे आणि ती व्यक्ती रोजच्या कार्यकर्त्यांपैकी नसावी.

एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर 'आपसांत मिटवून घेऊ' असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला, पंचांना किंवा अध्यक्षांना नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ती न देणे हा गुन्हा आहे. तसेच मुलांना रात्री मुक्कामी ठेवून सांभाळावयाचे झाल्यास बाल न्याय कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते. आपले केंद्र दिवसाचे आहे, हे भान ठेवावे. ज्याला घरी जाणे धोक्याचे आहे अशा मुलासाठी १०९८ या क्रमांकावर कळवावे किंवा त्याला बाल कल्याण समितीकडे न्यावे. समितीपुढे नेणे म्हणजे मुलाला शिक्षा करणे नव्हे. नशेच्या किंवा विक्रीच्या जाळ्यात ओढले जाण्याची शक्यता असलेल्या मुलालाही कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानले आहे. उलट, मुलाला नशेचा पदार्थ देणारा किंवा त्याच्या हातून तो विकवून घेणारा मोठा माणूस सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र आहे. हे वाक्य वस्तीच्या चौकात फलकावर लिहून ठेवण्याजोगे आहे.

नशेत सापडलेला मुलगा

केंद्र सुरू झाल्यावर पहिली परीक्षा येथेच होते. चार चांगली मुले जमली की काही पालक म्हणतात, 'त्या बटनवाल्या पोराला आत घेऊ नका, आमची बिघडतील.' त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. नशा करून आलेल्या मुलाला त्या अवस्थेत खेळात घेऊ नये, हेही योग्यच. परंतु त्याला शांतपणे बाजूला बसवावे, पाणी द्यावे, घरी पोहोचवावे आणि 'उद्या शुद्धीत ये, तुझी जागा आहे' असे सांगावे. ज्या मुलासाठी केंद्राची सर्वाधिक गरज, त्यालाच दार बंद केले तर मग हे केंद्र आहे कोणासाठी?

येथे एक वैद्यकीय इशारा देणे आवश्यक आहे. रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या एकाएकी बंद केल्या तर आकडी येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून मुलाला खोलीत कोंडणे, साखळीने बांधणे, बाबा-बुवाकडे नेणे हे प्रकार घातक आहेत. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. यासाठी घाटी रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे. सोल्युशन हुंगण्याचा धोका तर पहिल्याच वेळी असतो. त्याने हृदय अचानक बंद पडू शकते. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ व मानसिक त्रासासाठी १४४१६ हे शासनाचे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. तातडीच्या प्रसंगी ११२ लावावा.

उपचार करून आलेला मुलगा पुन्हा घसरू शकतो. त्याला टोमणे मारू नयेत. दवाखान्यातून सुटल्यावर तो संध्याकाळी पाच वाजता कोठे जातो यावर पुष्कळ काही ठरते आणि त्या वेळी केंद्राचे दार उघडे असणे हेच त्याचे पुढचे औषध असते.

खर्चाचा प्रश्न

वास्तू आपली असल्यामुळे भाड्याचा प्रश्न नाही. राहिले दोन मानधने, विजेचे बिल, खेळाचे साहित्य, पुस्तके व थोडा अल्पोपाहार. जयंतीच्या मिरवणुकीतील डीजे आणि डिजिटल बॅनर यांवर वस्ती जो खर्च करते, त्याचा काही भाग वळविला तरी केंद्राची सुरुवात होऊ शकते. नोकरदार बांधवांनी घरटी दरमहा ठराविक रक्कम द्यावी. मुलाच्या वाढदिवशी केक कापण्याऐवजी दोन पुस्तके द्यावीत. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावावा. पैशाचा हिशेब उघडा असला की देणारे हात वाढतात, हा सर्व संस्थांचा अनुभव आहे.

केंद्र चांगले चालले आहे हे कसे ओळखावे? उद्घाटनाच्या गर्दीवरून नव्हे. सहा महिन्यांनंतर रोज किती मुले येतात, त्यांत मुली किती, शाळा सुटलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा अर्ज भरला आणि किती दिवस कुलूप उघडलेच नाही, या चार आकड्यांवरून ते ओळखावे. चौथा आकडा शून्य असला की बाकीचे तीन आपोआप सुधारतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळांना कोणीतरी एका संध्याकाळी अभ्यासाला बसविले, एका मैदानावर नेले, म्हणून आपण आज महाविद्यालयात आहोत. आठवड्यातील एक संध्याकाळ आपण आपल्या वस्तीला द्यावी. समाजबांधवांनीही आपापल्या विहाराच्या पुढील बैठकीत एकच विषय घ्यावा : उद्या संध्याकाळी पाच वाजता कुलूप कोण उघडणार, आणि परवा कोण उघडणार? ही पाळी लागली की केंद्र सुरू झाले असे समजावे. बाकीचे सर्व त्यामागून येते.

जय भीम!